बारूदचे दोन गिटारवाले

श्रीपाद आपल्याला बँडमधून काढणार, याबद्दल दिवाकरची आता पक्की खात्री झाली होती. पुरावे काही कमी नव्हते. हाक मारली तर श्रीपाद वळून बघत नव्हता. काही विचारलं तर भलतंच उत्तर देत होता, नाहीतर नुसती मान डोलवत होता. रस्त्यानं बरोबर चालताना मधेच थांबून, मागून वळसा घालून दुसऱ्या बाजूला जात होता, जसा काही दिवाकरच्या अंगाला वास येतो. त्यात ड्रम वाजवणाऱ्या विनयनं परवा सांगितलं की श्रीपाद हल्ली मंगळवारी मंगळवारी जबलपूरच्या नेपियर टाउनला जातो. कशाला, ते सांगत नाही. नेपियर टाउनमध्ये एक गिटारवाला राहायचा. त्याच्याकडे परदेशी गिटार होती. आणि दिवाकरच्या जिवाला खरा घोर लावणारी गोष्ट म्हणजे, त्याला दोन धड कान होते.

दिवाकरचा उजवा कान गेला होता. हे त्याची बहीण इंदू आणि डॉक्टर यांना सोडून कोणालाच ठाऊक नव्हतं. जूनमधल्या एका दिवशी सिविल लाइंसमधल्या ऑफिसात, जिथे तो टायपिस्ट होता, फोन वाजला. त्यानं रिसीव्हर उजव्या कानाला लावला, हॅलो हॅलो केलं, पलीकडून काहीच येईना तेव्हा टेलिफोन खात्याच्या नावानं चार शेलके शब्द बोलून घेतले आणि सहज म्हणून रिसीव्हर डाव्या कानाला नेला. तिकडे मोठे साहेब होते. चारही शब्द त्यांनी ऐकले होते.

साहेबांचं कसंबसं निभावलं, कानाचं निभावेना. शेवटी इंदूनं त्याला ओढतच कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी कानापाशी लोखंडी चिमट्यासारखं काहीतरी वाजवलं, आत बॅटरी मारून पाहिलं आणि विचारलं, "फॅक्टरीत आहात काय?"

"नाही, टायपिस्ट आहे. संध्याकाळी गिटार वाजवतो. बँडमध्ये."

"अच्छा, गिटार!" डॉक्टर म्हणाले. "अन् तो अ‍ॅम्प्लिफायर का काय, तो कुठे ठेवता?"

"उजव्या हाताला, स्टुलावर. वाजवता वाजवता बटण फिरवायला सोपं पडते."

"कमी करायला शेवटचं कधी फिरवलं होतं?"

दिवाकरला आठवेना. डॉक्टर हसले, मागच्या महिन्यातही एक असाच येऊन गेला म्हणाले, आणि मग त्यांनी साफ सांगितलं की उजव्या कानाचं गेलं ते गेलं. डावा ठणठणीत आहे, तेवढा सांभाळा. परत येताना इंदू म्हणाली, "सांगून टाक ना श्रीपादला. भावासारखा आहे तो तुला."

"सांगून टाकू अन् घरी बसू?" दिवाकर म्हणाला. "अर्धा बहिरा गिटारवाला कोण ठेवते, इंदू?"

इंदूला वाटलं, याची ही नेहमीची नाटकं. पण दिवाकरची भीती नाटकी नव्हती. ती समजायची तर त्यांचं वाजवणं कसं होतं, ते आधी सांगायला हवं.

दिवाकरचे आजोबा अमरावतीकडून जबलपूरला नोकरीला आले तेव्हा दोन्ही गावं एकाच प्रांतात होती. पुढे राज्यं नव्यानं आखली गेली, अमरावती तिकडे गेली, जबलपूर इकडे राहिलं, आणि ही मंडळीही जिथे होती तिथेच राहिली. वडील, म्हणजे अण्णा, दारूगोळ्याच्या फॅक्टरीत लागले आणि खमरियाच्या इस्टेटीत क्वार्टर मिळालं. श्रीपाद जबलपूरजवळच्या पाटणचा, धान्याच्या व्यापाऱ्याचा मुलगा. कॉलेजसाठी मावशीकडे जबलपूरला आला आणि दिवाकरच्या शेजारच्या बाकावर येऊन बसला. घरात मराठी बोलणारा, बाहेर हिंदी बोलणारा आणि मनातल्या मनात सदा इलेक्ट्रिक गिटार वाजवणारा असा आणखी एक प्राणी या गावात आहे, हे पाहून दिवाकरला भरून आलं होतं.

श्रीपादजवळ वॉकमन होता आणि जूडास प्रीस्ट, आयर्न मेडन असल्या हेवी मेटलवाल्यांच्या भरून आणलेल्या कॅसेटी होत्या. हेडफोन मात्र एकच. दोघांना एकदम ऐकायचं म्हणून त्यांनी त्याची मधली पट्टी सरळ मोडली. डावा तुकडा दिवाकरला, उजवा श्रीपादला. खमरियाच्या बसमध्ये, कॉलेजच्या कट्ट्यावर, त्यांनी वर्षभर अशीच गाणी ऐकली, ज्यानं त्यानं आपापल्या घरी जुन्या गिटारीवर बसवली, आणि एकमेकांना वाजवून दाखवायची वेळ आली तेव्हा भांडण जुंपलं.

"हे काय वाजवून राहिला बे?" श्रीपाद म्हणाला. "हे त्या गाण्यात हायेच नाही."

"माझं बरोबर आहे. तूच काहीतरी मनचं वाजवून राहिला."

दोघांनीही गाणं शंभर वेळा ऐकलेलं, तेव्हा माघार कोण घेणार? आठवडाभर अबोला झाला. अखेर विनयसमोर सोक्षमोक्ष लावायचा ठरलं आणि एकमेकांना हरवायच्या ईर्ष्येनं दोघांनी एकदमच सुरुवात केली. दोन्ही गिटारी एकमेकींत अशा काही बसल्या की विनय हातातली काठी तशीच वर धरून ऐकत राहिला. त्या बँडांत गिटारवाले दोन असतात आणि रेकॉर्डमध्ये एकाला डाव्या बाजूला ठेवतात, दुसऱ्याला उजव्या. एकानं सा धरला की दुसरा त्याच्यावरचा ग धरतो आणि दोघं जोडीनं जिना चढावा तसे सूर चढत जातात. आमच्या या दोन दीडशहाण्यांना याचा पत्ताच नव्हता. प्रत्येकानं अर्धं गाणं पाठ केलं होतं आणि तेच पुरं आहे म्हणून तो छाती ठोकून भांडत होता.

त्या दिवशी 'बारूद' बँड जन्माला आला. दारूगोळ्याच्या इस्टेटीत जन्मलेल्या बँडचं दुसरं काय नाव असणार? क्वार्टरच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत रोज सराव सुरू झाला. जो तो आपला अ‍ॅम्प्लिफायर आपल्या उजव्या हाताला, पार कानाशी ठेवी, कारण दुसऱ्याच्या गोंगाटात आपलं आपल्याला ऐकू आलं पाहिजे ना! एकानं आवाज वाढवला की दुसरा वाढवी. अण्णा म्हणत, फॅक्टरीतून दमून घरी यावं तर घरी दुसरी फॅक्टरी.

आणि आता हा कान. जोडीनं वाजवणं म्हणजे निम्मं वाजवणं आणि निम्मं ऐकणं. तार बोटानं ओढून सूर चढवायचा तर शेजारचा किती ओढतोय ते कळायला हवं. जरा कमीजास्त झालं की मांजरांची मारामारी. श्रीपाद उजवीकडे उभा असला की दिवाकरला तो ऐकू येतच नसे आणि त्याचा सूर वाट चुकत असे. दिवसभर तो दुसऱ्यांची पत्रं टाइप करायचा. संध्याकाळी श्रीपादच्या शेजारी उभा राहिला की तो कोणीतरी असायचा. ते गेलं तर मागे काय उरतं, याचा विचार करायलाही त्याला नको वाटे.

म्हणून जूनपासून त्यानं एकच उद्योग आरंभला होता. काही झालं तरी श्रीपादला आपल्या डाव्या हाताला ठेवायचं. पण श्रीपाद तिथे टिकेल तर शपथ! दिवाकर त्याच्या उजवीकडे जाऊन उभा राहिला की तो पाणी प्यायच्या निमित्तानं सटके आणि परत येताना नेमका दिवाकरच्या उजवीकडे उगवे. दिवाकर वायर नीट करायच्या मिषानं पुन्हा फिरे. सगळा पावसाळा असा एकमेकांभोवती प्रदक्षिणा घालण्यात गेला आणि दिवाकरची समजूत झाली की याला आपल्या शेजारी उभं राहणंही नकोसं झालंय.

अशात विश्वकर्मा पूजा आली. खमरियात त्या दिवशी यंत्रांना फुलं वाहतात, नवे कपडे घालून पोराबाळांना मिरवतात, संध्याकाळी इस्टेटीच्या मैदानात कार्यक्रम असतो. पूजा समितीचे अध्यक्ष बापूसाहेब हे अण्णांचे जुने मित्र. त्यांनी मोठ्या मिनतवारीनं भजन आणि बक्षीस समारंभ यांच्यामध्ये बारूदला अर्धा तास दिला होता. सारं खमरिया ऐकायला येणार होतं. तिथे सूर घसरला तर श्रीपादला आपल्याला काढायला कारण शोधावं लागणार नाही, हे दिवाकर जाणून होता.

दुपारी चौघं सामान घेऊन मैदानात पोचले. चौथा म्हणजे रेल्वे कॉलनीतला डेरिक, तो गायचा आणि बास गिटार वाजवायचा. स्टेजवर मागच्या बाजूला मधोमध विश्वकर्म्याची मूर्ती मांडलेली होती.

"एक गोष्ट सांगून ठेवतो," बापूसाहेब म्हणाले. "देवाकडे पाठ करून धिंगाणा चालणार नाही."

विनयला मराठी समजायची सगळी, पण तोंडातून निघायची हिंदीच. "तो क्या पब्लिक की तरफ पीठ करें, बापूसाहब?"

"ते तुमचं तुम्ही पाहा. एक जण तरी देवाकडे तोंड करून पाहिजे." असं म्हणून बापूसाहेब प्रसादाची व्यवस्था बघायला गेले.

जोडण्या झाल्या. दिवाकर श्रीपादच्या उजवीकडे जाऊन उभा राहिला. श्रीपाद दोन पावलं मागे सरकला, वळसा घालून पलीकडे आला. दिवाकर वायर उचलून पुन्हा फिरला. श्रीपादही फिरला. विनयनं काठ्या आपटल्या. "अरे, तुम लोग फुगड़ी खेल रहे हो क्या? एक जगह खड़े रहो ना!"

श्रीपादचा तोल सुटला. त्यानं गिटार खाली ठेवली. "हे काय लावलं बे तू? मी इकडं उभा राहिलो की तू तिकडं, तिकडं गेलो की इकडं. काहून पळून राहिला माझ्यापासून?"

"पळून मी राहिलो?" दिवाकरचा आवाज चढला आणि तिथेच बसला. भांडायला त्याच्याजवळ बळच नव्हतं. त्याला एकदम वाटलं, पुरे झालं. काढायचं तर काढू दे, पण ही लपवाछपवी आता सोसत नाही. तो श्रीपादच्या खांद्याशी गेला आणि विनय-डेरिकला कळू नये अशा हलक्या आवाजात, खालमानेनं, पोटात ठेवलेलं सगळं त्यानं एका दमात सांगून टाकलं. उजव्या कानानं ऐकू येत नाही. डॉक्टर म्हणतात, परत यायचं नाही. तुला नेपियर टाउनचा तो गिटारवाला घ्यायचा असेल तर घे, मी वाईट वाटून नाही घेणार, पण आजच्या दिवस मला वाजवू दे.

श्रीपाद समोर ड्रमकडे बघत उभा होता. त्याच्या चेहऱ्यावरची रेघसुद्धा हलली नव्हती. इतका दगड कधी झाला हा, असं वाटून दिवाकरच्या डोळ्यांत पाणीच आलं. त्यानं त्याची बाही ओढली. "काही बोलशील की नाही?"

श्रीपाद दचकून वळला. "आं? तू काही बोलला काय?"

"आत्ता एवढं सांगितलं मी तुला!"

"ह्या बाजूनं नको बोलू ना राजा," श्रीपाद ओशाळा होत म्हणाला. "ह्या कानानं मले ऐकू नाही येत."

दिवाकर त्याच्याकडे बघतच राहिला. आयुष्यातलं सगळ्यात अवघड बोलणं त्यानं बहिऱ्या कानात बोलून टाकलं होतं.

"कोणता कान?" त्यानं विचारलं.

"उजवा. मे महिन्यापासून. तुले सांगणार होतो, पण..." श्रीपाद खाली बघायला लागला. "मी हाक मारली तरी तू वळेना. मले वाटलं, ह्याले समजलं, हा आता दुसरा पाहून राहिला."

"अन् मंगळवारचं नेपियर टाउन?"

"कानात औषध टाकाले जातो. डॉक्टर म्हणते, अ‍ॅम्प्लिफायर काहून कानाशी ठेवता..."

पुढचं दिवाकरनं ऐकलंच नाही. तोच डॉक्टर! तोच दवाखाना! नेपियर टाउन म्हटलं की त्याला तो गिटारवाला आठवत होता. आपण स्वतः इंदूबरोबर कुठे जाऊन आलो, हे काही आठवलं नव्हतं. त्याच्या छातीवरून धान्याचं पोतं उतरवावं तसं झालं. त्यानं श्रीपादला धरलं आणि गदागदा हलवलं. "माझाही उजवाच, बे! माझाही उजवाच गेला!"

आधी श्रीपादला खरं वाटेना. मग दोघं जे हसत सुटले ते स्टेजवर मटकन बसले. विनयला सगळं सांगितलं तेव्हा त्यानं कपाळावर हात मारला. डेरिकनं दोन्ही अ‍ॅम्प्लिफायर स्टुलांवरून उचलले, लांब मागे नेऊन जमिनीवर ठेवले आणि दोन्हींची बटणं निम्म्यावर आणली. त्याचेही कान काही वर्षांपासून हे मागत असावेत.

पण मुख्य प्रश्न होताच. दोघांनाही दुसरा डाव्या हाताला हवा. शेजारी शेजारी उभं राहिलं की एकाची सोय, दुसऱ्याची पंचाईत. तू राहा, नाही तूच राहा, अशी आता उलटी ओढाताण सुरू झाली.

"अरे यार," विनय म्हणाला, "उलटे खड़े हो जाओ ना! एक का मुँह पब्लिक की तरफ, एक का भगवान की तरफ."

त्यांनी करून पाहिलं. डावा खांदा डाव्या खांद्याला लागला. दिवाकरच्या गिटारची मान श्रीपादच्या पाठीमागे गेली आणि श्रीपादच्या गिटारची दिवाकरच्या पाठीमागे. दोन मित्र एकमेकांच्या पाठीवर हात टाकून उभे असतात, तसंच. श्रीपादनं हळूच एक सूर धरला. दिवाकरला तो अगदी कानाशी, स्वच्छ ऐकू आला. कितीतरी दिवसांनी ऐकू आला. त्यानं त्याच्यावरचा सूर धरला आणि दोन्ही जागच्या जागी बसले. बरं वाटलं, इतकं साधं बरं वाटलं की त्याला काही सुचेना.

संध्याकाळी मैदान भरलं होतं. इंदू पुढच्या रांगेत काळजीनं पदराचं टोक पिळत बसली होती. पहिल्या गाण्यात दिवाकरचं तोंड लोकांकडे होतं आणि श्रीपादचं देवाकडे. गाण्याच्या मध्यावर जोडीची जागा आली तेव्हा खांदा न सोडता दोघं तसेच अर्धा गोल फिरले. आता श्रीपाद लोकांकडे, दिवाकर देवाकडे. सूर वर चढत गेले, तारा ओढल्या गेल्या आणि एकदाही घसरल्या नाहीत. लोकांना वाटलं, ही काही खास परदेशी स्टाइल आहे. शिट्ट्या पडल्या. बापूसाहेब शेजारच्याला म्हणाले, "गाणं काही समजलं नाही, पण पोरं वळणाची आहेत. बघा, देवाकडे सगळ्यांची पाठ होऊ नाही दिली." इंदूनं भावाकडे पाहिलं. तो विश्वकर्म्याकडे तोंड करून लहान मुलासारखा हसत होता. तिनं पदर सोडून दिला आणि टाळ्या वाजवायला लागली.

कार्यक्रम आटोपल्यावर दिवाकर श्रीपादला बसपर्यंत सोडायला निघाला. सवयीनं दोघंही एकमेकांच्या उजवीकडे जायला गेले, एकमेकांवर आदळले आणि पुन्हा हसले. स्टेजवर उलटं उभं राहता येतं. रस्त्यानं उलटं चालता येत नाही. मग ठरलं की आळीपाळीनं बोलायचं. आधी दिवाकरनं ऐकायचं. श्रीपाद त्याच्या डाव्या बाजूनं चालू लागला आणि त्यानं आपला सगळा उन्हाळा-पावसाळा ओतला. मावशी हाका मारमारून कशी वैतागली, बसवाल्याशी कसं भांडण झालं, आणि पाटणला जाऊन दुकानावर बसायचं त्यानं मनात कसं जवळजवळ नक्की केलं होतं.

दिवाकर ऐकत होता. मधेच, आपलं बोलणं त्या बाजूनं पोचत नाही हे ठाऊक असल्यामुळेच असेल, तो हळूच काहीतरी म्हणाला.

श्रीपाद थांबला. "ओठ हलले तुझे. काय म्हणाला?"

"काही नाही."

"काही नाही कसं?" तो मागून वळसा घालून दिवाकरच्या उजवीकडे आला, आपला चांगला कान पुढे केला. "हं, आता सांग."

तोच वळसा. सगळा पावसाळा दिवाकरनं ज्याचा उलटा अर्थ लावला होता, तोच.

"मी म्हटलं," दिवाकर म्हणाला, आणि या वेळी मोठ्यानं म्हणाला, "फार भ्यालो होतो, यार. वाटलं, तू मला सोडून जाशील."

श्रीपादनं ऐकून घेतलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग आपण कोणत्या बाजूला आहोत ते त्याच्या ध्यानात आलं. उत्तर द्यायला तो पुन्हा मागून वळसा घालून दिवाकरच्या डाव्या हाताला आला.

"जाऊ कुठं, बे?" तो म्हणाला. "अर्धं गाणं तर तुझ्यापाशी हाये."